पुंजाजी इंगळे आणि एक

अकोल्यात बस सुटायच्या आधी टूरवाल्यानं यादी वाचली. "वर्षाली देवमन गवई, इंदूबाई गवई... धामणगाव रेल्वे!"

गावाचं नाव येताच मी हात वर केला. आईनं तर खिडकी केव्हाच पकडली होती. साठाव्या वर्षी ती पहिल्यांदा समुद्र बघायला निघाली होती.

"पुंजाजी इंगळे आणि एक!"

मागच्या सीटवरून एक आजोबा "हाओ" म्हणाले. त्यांच्या शेजारचा तो 'एक', त्यांचा नातू असावा, मात्र माझ्याकडेच बघत होता. मी वळले, तर पठ्ठ्या सँडलचा पट्टा लावायला वाकला!

चिखलीच्या पुढं बस चहासाठी थांबली. सगळे टपरीकडे गेले. हा गेला शेताच्या बांधाकडे. मूठभर काळी माती उचलून पिशवीत भरली, पिशवीवर पेनानं काहीतरी लिहिलं. मला राहवेना.

"माती चोरून राहिले का?"

"इचारून घेतली. तिनं नाही म्हटलं नाही." तो हळूच हसला. "काही लोक म्हणतात नाही..."

"नाव काय तुमचं?"

"समुद्रावर सांगतो."

"कावून? जेलमधून पळाले का?"

"नाव ऐकून तुमी बोलणं बंद कराल, म्हणून."

झालं! संध्याकाळपर्यंत माझं डोकं त्या नावातच अडकलं.

दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी. दरीत उतरणाऱ्या पायऱ्या संपता संपेनात. त्यानं आईचा हात धरला आणि तिच्याच चालीनं उतरला. खाली अर्धे तुटलेले खांब, त्यांच्यावर पुसट रंगातल्या आकृत्या. आई स्तूपासमोर डोळे मिटून बसली. आम्ही दोघं पायरीवर.

"मी कृषी विद्यापीठात माती तपासतो," तो म्हणाला आणि पायरीजवळची ओली माती ओंजळीत घेऊन पुढे केली. "वास घ्या."

मी वाकले. ओल्या पानांसारखा, गार वास... आणि त्याची बोटं माझ्या नाकापासून वीतभरही लांब नव्हती. मी उगाच केस कानामागे सारले.

"लग्न झालं तुमचं?" तोंडातून निघूनच गेलं.

"नाही. एकीनं फोटो पाहूनच नकार देल्ला."

"मूर्ख असन थे!"

तो इतक्या मोठ्यानं हसला की लेण्यातले पारवे उडाले. मला काही कळेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरी. समुद्र दिसला आणि आई चपला काढून सरळ पाण्यात गेली. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"धम्मदीप वानखडे," तो म्हणाला.

मी चमकले. चार महिन्यांपूर्वी आमच्या घरी आलेलं स्थळ! गॉगल लावून गाडीला टेकलेला तो ऐटबाज फोटो बघून मी पुढचं वाचलंच नव्हतं.

"तो... गॉगल?"

"मावसभावाचा. ज्या गाडीले टेकलो होतो, तेबी त्याचीच."

"म्हणजे तीन दिवस तुमाले सारं माहीत होतं!"

"यादी वाचली तवापासून. नकार कावून आला, एवढंच पाहायचं होतं. मग..." त्यानं पायानं वाळू उकरली. "मग थे राहूनच गेलं."

चेहरा तापला माझा. स्वतःलाच मूर्ख म्हणून बसले होते मी! तरातरा निघाले, वाळूत पाय रुतत होते. तो मागे आला नाही. जिथे होता तिथूनच म्हणाला,

"मले तुमी आवडता, वर्षाली. पण मी पुन्हा इचारणार नाही. एकदा नाही म्हटलं तुमी. आता तुमची मर्जी."

मी थांबले. राग शोधला... तो कुठेच सापडेना. सापडला तो पायऱ्यांवर आईच्या चालीनं उतरणारा माणूस.

परत फिरले. "रविवारी धामणगावले येता का?"

"पाहायले?"

"नाही. मी पाहीन. तुमी बसा नुसते."

त्यानं लगेच होकाराची मान डोलावली. लाटांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी ओरडले, "आई! रविवारी आपल्याकडं पाहुणे येऊन राहिले!"

गुडघाभर पाण्यातून आई वळली. "कोण वं?"

मी त्याचं मनगट पकडून हात उंच केला.

"हे!"