फसफसणारी चप्पल

"हात मागे! सगळ्यांनी हात मागे!" मावशी ओरडली आणि तिन्ही भाच्यांचे सहाही हात पाठीमागे गेले. त्यांतले धडपड्याचे दोन हात जाता जाता एक स्टूल आडवं करून गेले, ते सोडा.

सुट्टीत मावशीच्या उत्खननाच्या तळावर उतरलेल्या या टोळीत शंका सगळ्यांत मोठी, बारा वर्षांची. कुणी "सूर्य उगवला" म्हटलं तरी ती विचारणार, "कशावरून?" धडपड्या तिचा पाठचा भाऊ. आणि धाकटी पिपाणी फक्त झोपेत गप्प असायची, तेही अधूनमधून!

टेबलावर आठशे वर्षांपूर्वीच्या भांड्यांची तांबडी खापरं होती. मावशीचं म्हणणं, ही भांडी इथल्याच मातीची आहेत आणि खणायच्या राहिलेल्या कोपऱ्यात त्यांची भट्टी असणार. पण आज उत्खननाच्या मोठ्या साहेबांनी काल निघालेल्या खापरांना भिंग लावलं. कडांवर पांढरे कण! त्यांनी बाटलीतल्या सौम्य आम्लाचा थेंब टाकला. फस्स!

"शिंपल्यांचा चुरा!" साहेब गरजले. "ही समुद्राकाठची माती. भांडी बाहेरून आलीत, इथे भट्टी कसली! संध्याकाळी खड्डा बुजवा!"

"साहेब, एखादं खापर चिमट्याने मोडून आतली माती तरी बघू," मावशी काकुळतीला आली. "जुन्या कडेवर काय वाट्टेल ते चिकटतं."

"एकही मोडायचं नाही! उद्या पाहुणे येताहेत, प्रदर्शनात मांडायचीत." साहेब चहाला निघून गेले. मावशी डोळे पुसत खड्ड्याकडे गेली.

शंकाचं डोकं गरगरायला लागलं. मागच्या आठवड्यातली खापरं मावशीने मोडून दाखवली होती. त्यांत नुसती इथल्या मातीतली वाळू आणि अभ्रकाची चमचम. खड्डा तोच, भांडी तीच, मग माती दुसरी कशी?

"चोरांनी बदलली!" पिपाणी किंचाळली.

"फुटकी खापरं कोण चोरतं गं?"

"फुटके चोर!"

"अगं, भूकंपात समुद्र इकडे..." धडपड्याने समुद्र केवढा ते हातांनी दाखवलं आणि आम्लाची बाटली कलंडली. एक थेंब त्याच्या चपलेवर पडला.

फस्स!

तिघं चपलेकडे बघत राहिली. आता तर गोंधळाचा कळस झाला! चप्पल पण समुद्राकाठची?

"तू नक्की कुठला रे?" शंकाने विचारलं.

"तुझा सख्खा भाऊ आहे मी!"

"कशावरून?"

धडपड्या रडकुंडीला आला. तेवढ्यात शंकाला चपलेच्या काठावर पांढरी पुटं दिसली. "सकाळपासून कुठे कुठे हिंडलास?"

"मागच्या नळावर फक्त."

तिघं धूम पळाली. नळाशेजारी रंगारी पाहुण्यांसाठी भिंतीला चुना फासत होता. जमिनीवर चुन्याचे ओघळ आले होते. आणि खापरं धुणारे काका पांढऱ्या बुडाच्या बादलीत ब्रश बुचकळत होते!

"काका, ही बादली कुणाची?"

"रंगाऱ्याची. माझी कालपासून गळतेय. पण धुऊन घेतली हो!"

"कशावरून?"

काकांनी कान खाजवला. "म्हणजे... पाणी फिरवलं होतं जरासं."

साहेब परतले तेव्हा खड्डा बुजवणारे फावडी घेऊन उभे होते. शंकाने चप्पल टेबलावर ठेवली आणि शेजारी रंगाऱ्याची चुन्याची बादली. "साहेब, हिच्यावर एक थेंब टाका ना."

"हा काय चावटपणा!" असं म्हणत त्यांनी टाकला. फस्स!

"मग ही पण आठशे वर्षांपूर्वी समुद्राकाठी घडली का?"

साहेबांनी चपलेकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग खापराकडे. त्यांचे कान खापराहून तांबडे झाले. गुपचूप त्यांनी स्वतःच चिमटा उचलला. टक्! ताज्या कडेवर तांबडी माती, वाळू, अभ्रक. पांढरा कण औषधालाही नाही! थेंब टाकला, तर काही म्हणजे काही आवाज नाही. पिपाणीसुद्धा गप्प!

"फावडी परत न्या," साहेब हळूच म्हणाले.

चौथ्या दिवशी त्या कोपऱ्यात जळून काळीठिक्कर पडलेली भट्टीची भिंत निघाली. चिखलाने माखलेल्या मावशीने तिघांना असं कवटाळलं की कोण कुठला ते कळेना. साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि शंकाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पोरी! मोठेपणी तू माझ्या या खुर्चीत बसणार."

"कशावरून?" शंका म्हणाली.

"बघू तरी कशी आहे ती," म्हणत धडपड्या खुर्चीत बसला. कडाड्! खुर्चीचा पाय मोडला.

"साहेब, साहेब!" पिपाणी आनंदाने ओरडली, "भिंग आणा! ताजी कड मिळाली!"