सतरावी ओळ

दोन हजार सहाचा मे महिना. अकोल्यात निखत आणि धर्मपाल एका शेती-सल्ला केंद्राची वेबसाइट बनवत होते. शेतकऱ्यांनी फोनवर विचारलेले प्रश्न एका पानावर दिसायचे: नाव, गाव, प्रश्न. काम साधंच, पण वाद रोजचा. धर्मपाल टेम्प्लेट वापरी. पानाचा साचा आधीच तयार, मधल्या रिकाम्या जागांत माहिती येऊन बसणार. निखतला साचा नकोच असे. पानावरची एकूणएक ओळ आपल्या कोडमधूनच निघाली पाहिजे. रिकाम्या जागा ठेवल्या की त्यांत कोण येऊन बसेल सांगता येत नाही, असं ती हसून म्हणायची.

त्या दुपारी रस्ता उन्हानं ओस पडला होता. कूलरची घरघर तेवढी चालू. यादीत सोळा प्रश्न होते, पानावर सतरा ओळी आल्या. शेवटची होती, सुभद्रा, तेल्हारा: ‘वर कोणी हाये काय?’

नमुन्याची ओळ साच्यात विसरलास, म्हणून निखतनं धर्मपालला टोकलं. त्यानं साचा तपासला. तसं काही नव्हतं. अखेर तिनं साचा काढूनच टाकला आणि तासभर बसून सगळं पान निव्वळ कोडमध्ये लिहिलं. सोळा ओळी काढायच्या आणि थांबायचं.

पान उघडलं. सतरा ओळी. शेवटचा प्रश्न मात्र बदलला होता.

‘वर कोणी काहून येत नाई?’

खोलीत कुजक्या ज्वारीचा ओलसर वास पसरू लागला. निखतनं पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

“धर्मपाल... ही कोण?”

सुभद्राकाकू तेल्हाऱ्यात त्याच्याच घराच्या गल्लीतली. एकटी राहायची. घरात फोन नाही, अक्षरओळख नाही. त्यानं शेजारच्या डोमाजींना फोन लावला. काकूचं दार तीन दिवस लागलेलंच होतं. ती लेकीकडे गेली असेल असं सगळे समजून होते.

“दार तोडा, भाऊ. आतमधी पेव हाये ना... त्यात पाहा.”

अर्ध्या तासानं फोन आला. धान्य साठवायच्या त्या जुन्या खड्ड्यात काकू सापडली होती. पाय मोडलेला, पण जीव शाबूत. निखतला रडूच फुटलं. डोमाजींनी फोन काकूच्या कानाला लावला. तीन दिवस हाका मारत होतीस का, धर्मपालनं विचारलं.

“म्या तं आवाजच नाई देल्ला, बापू,” काकू पुटपुटली. “तीच बोलून राहिली होती.”

“कोण?”

“माह्या आंधीपासून खाली बसली हाये... तिले काहून नाई काढलं?”

डोमाजी बॅटरी घेऊन पुन्हा पेवात उतरले. तळाशी ज्वारीच्या भुशाशिवाय काही नव्हतं. भुसा मात्र कोणी बसल्यासारखा दोन ठिकाणी खोल दबला होता, शेजारी शेजारी.