मऊ कवच आणि सहाशे बारावं पडणं

आमच्या घरात एक काळी, मऊ, पाटाएवढी वस्तू होती. आमचं मांजर तिच्यावर झोपायचं. आई तिच्यावर गरम कुकर टेकवायची. बाबा ती मानेखाली घेऊन बातम्या ऐकायचे आणि बातम्या संपायच्या आत घोरायला लागायचे. बोटाने दाबलं की इडलीत जावं तसं बोट आत जायचं.

आणि आबांचं म्हणणं असं, की ही वस्तू घाटातल्या दगडापासून ताईची पाठ वाचवणार.

"इडली दगडाला कशी हरवेल?" मी विचारलं.

"उत्तम प्रश्न आहे, कावेरी," आबा म्हणाले, आणि उत्तर न देता चहा प्यायला निघून गेले. शास्त्रज्ञ असंच करतात.

आबा म्हणजे माझे आजोबा. चिपळूणला आमच्या घरामागे काजूच्या बंद पडलेल्या कारखान्याची शेड आहे, तिथे त्यांची प्रयोगशाळा. ती काळी वस्तू म्हणजे मोटरसायकल चालवणाऱ्यांनी पाठीवर बांधायचं कवच. ते त्यांनी शाल्मलीताईसाठी बनवलं होतं. एक कवच भट्टीत तयार व्हायला महिना लागायचा, म्हणून जगात एकच होतं आणि त्यावर मांजर झोपायचं.

आता ताईबद्दल. २०४६ साली सगळीकडे औषधं ड्रोन पोचवतात. पण कुंभार्ली घाटातल्या वाऱ्यात ड्रोन भरकटतात. मागच्या वर्षी एकाने औषध घारीच्या घरट्यात टाकलं आणि 'सामान पोचलं, धन्यवाद' असा संदेश पाठवला. म्हणून घाटमाथ्यावरच्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं औषध अजूनही माणूसच नेतो. तो माणूस म्हणजे माझी ताई. काचेच्या बारा बाटल्यांची पेटी, मोटरसायकल आणि ती.

आमच्याकडे पुष्कळ लोक हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवतात, त्यामुळे गावातली कोपरं अतिशय सुरक्षित आहेत. ताई तशी नव्हती. हेल्मेट डोक्यावरच घालायची. पण कवच दिलं तर तिने ते औषधाच्या पेटीला गुंडाळलं.

"अगं, ते पाठीसाठी आहे!" आबा म्हणाले.

"आबा, बाटल्या काचेच्या आहेत. मी काचेची आहे का?"

आबांनी चष्मा काढून पुसला. ते फार चिडले की चष्मा पुसतात. "शनिवारी शेडमध्ये ये. आपटे दाखवतील."

आपटे हे यंत्रमानव आहेत. त्यांचं काम मोटरसायकलवरून पडणं. आडनाव असलेल्याला अरे-तुरे करणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही सगळे त्यांना अहो-जाहो करतो. तोपर्यंत ते सहाशे नऊ वेळा पडले होते आणि प्रत्येक पडण्याचा अभिप्राय ते वहीत लिहून ठेवायचे. 'पोफळीजवळचं वळण. खडी मुबलक. गुडघा निसटला. दोन तारे.' असं.

शनिवारी ताई आली. आपटे उठून उभे राहिले, वळले आणि म्हणाले, "कृपया माझी पाठ उघडा."

मी चेन ओढली. आत मण्यांच्या माळेसारखे एकाखाली एक मणके होते.

"तेहतीस," आपटे म्हणाले. "तुमचेही तेवढेच. मोठेपणी शेवटचे नऊ एकमेकांना चिकटून जातात. प्रत्येक मणक्याला भोक असतं आणि त्या भोकांतून ही दोरी जाते." त्यांच्या माळेतून एक निळी वायर गेली होती. "तुमच्यात हिला मज्जारज्जू म्हणतात (मेंदूचे निरोप हातापायांकडे आणि तिकडचे मेंदूकडे नेणाऱ्या नसांचा जाड जुडगा). पायाचं बोट हलवायचं ठरलं की निरोप इथूनच जातो."

"आणि वायर तुटली तर?" मी विचारलं.

"मोडलेलं हाड जुळतं. ही दोरी तुटली तर सहसा जुळत नाही. माझी आबा बदलतात. आतापर्यंत चौदा वेळा. तुमची बदलून देणारं दुकान नाही."

"२०४६ मध्येही?"

"२०४६ मध्येही. मी चौकशी केली."

ताईने हळूच स्वतःच्या पाठीवर हात ठेवला. आपण पाहिलं नाही असं मी दाखवलं.

मग आबांनी आपट्यांना झोपाळ्यात बसवलं, पुढे ओढलं आणि सोडून दिलं. ते मागे जाऊन पाठीवर एका टोकदार काळ्या दगडावर आदळले. कण्याला जास्त मार बसला की वाजणारा भोंगा वाजला. एक मणका उडाला आणि कपाटाखाली गेला.

"सहाशे दहा," आपटे जमिनीवरून म्हणाले. "माझा बारावा मणका कुणाला दिसल्यास कळवावं."

दुसऱ्यांदा आबांनी त्यांच्या पाठीला ती काळी इडली बांधली. तोच झोपाळा, तोच दगड. धप्प! भोंगा गप्प.

"सहाशे अकरा. काही विशेष नाही."

मी धावत जाऊन कवचाला बोट लावलं. पुन्हा मऊच! "पण हे कसं झालं?"

तेव्हा आबांनी मला घरात नेलं आणि परातीत आईने मंचुरियनसाठी आणलेलं सगळं कॉर्नफ्लोअर ओतलं. त्यात थोडं थोडं पाणी घालून दाटसर पीठ कालवलं.

"बोट हळू घाल."

घातलं. दुधात जावं तसं गेलं.

"आता बुक्की मार."

मारली. जमिनीवर मारावी तशी लागली. हात झिणझिणला.

"यात पिठाचे कण अगदी दाटीवाटीने आहेत," आबा म्हणाले. "एसटीचं दार आठव. माणसं एकेक करून चढली तर सगळी आरामात आत जातात. सगळ्यांनी एकदम मुसंडी मारली तर?"

"कुणीच हलत नाही. आणि एका काकांची पिशवी फाटते."

"तेच. हळू दाबलं तर कण बाजूला सरकतात. एकदम आदळलं तर सरकायला वेळच मिळत नाही, एकमेकांत अडकतात आणि सगळं क्षणभर घट्ट होतं. कवचातला पदार्थ वेगळा आहे, पण स्वभाव असाच. ताई वाकेल, बसेल, तेव्हा मऊ. दगड आदळेल, तेव्हा घट्ट."

"पण घट्टच हवं तर पाठीला लाकडी पाट बांधायचा ना?"

"पाट बांधून गाडी चालवून दाखव. आणि नुसतं घट्ट असून भागत नाही. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे का नेतेस?"

"नाहीतर लागतो."

"कारण चेंडू थांबायला जरा जास्त वेळ मिळाला की धक्का कमी बसतो. कवच दोन कामं करतं. टोकदार दगडाचा मार एका मणक्यावर न पडू देता पाठभर पसरवतं, आणि स्वतः थोडं दबून थांबायचा वेळ वाढवतं. वेळ म्हणजे किती? डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी. पण हाडाला तेवढा पुरतो."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे हे घातलं की मला काहीच होणार नाही?"

"मी तसं म्हटलेलं नाही," आबा म्हणाले. "पाठ भलतीकडे पिरगळली, डोक्यावर पडलीस, समोरून ट्रक आला, तर हे कवच फारसं काही करू शकत नाही. आधी हेल्मेट, आधी बेताचा वेग. पण दगडाचा, कठड्याचा थेट मार बसला तर याचा खरा उपयोग आहे."

ताई म्हणाली, "पटलं. पण कवच एकच आहे, आबा. वर कुणाला विषारी फुरसं चावलं आणि माझ्या पेटीतल्या बाटल्या फुटलेल्या निघाल्या, तर मी माझी धडधाकट पाठ घेऊन काय करू?"

आबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले.

मी परातीकडे पाहत होते.

"पेटीला मंचुरियनचं पीठ घालू या," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा, आणि तिची नजर वेगळी होती.

ते कालवलेलं पीठ आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून पिशव्यांची तोंडं गरम उलथन्याने चिकटवली. पेटीला आतून जुन्या गोधडीचे तुकडे, बाहेरून पिठाच्या पिशव्या. मग पाण्याने भरलेल्या बारा रिकाम्या बाटल्या आत ठेवून आबांनी पेटी शेडच्या छपरावरून सोडली. एकही फुटली नाही. आपटे म्हणाले, "ही माझ्यापेक्षा चांगली पडते," आणि त्यात मला जरा हेवा जाणवला.

सोमवारी सकाळी ताई निघाली. हेल्मेट डोक्यावर, कवच शर्टावरून पाठीला, पेटी पुढे टाकीवर घट्ट बांधलेली. मागच्या सीटवर आपटे बसले होते, कारण घाटातले धक्के मोजून हवे होते. त्यांचे डोळे म्हणजे कॅमेरे, त्यामुळे त्यांना दिसेल ते आम्हाला शेडमधल्या पडद्यावर दिसायचं आणि आमचं बोलणं त्यांना ऐकू जायचं. बराच वेळ ताईची पाठ दिसत होती. कंटाळा आला.

मग घाटातल्या एका वळणावर रस्त्याच्या मधोमध फणस दिसला.

कुणाच्या टेम्पोतून पडला असेल. फणसाला दोष देण्यात अर्थ नाही. ताईने त्याला चुकवलं, चाक खडीवर गेलं आणि पडदा गरगर फिरला. आकाश, डांबर, फणस, आकाश. मग चित्र थांबलं. रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड होता, 'चिपळूण २६' लिहिलेला, आणि त्याच्यावर पाठ आपटून ताई खाली पडली होती.

"ताई!" मी पडद्यावर ओरडले.

आबा आधीच रुग्णवाहिकेला फोन लावत होते. "आपटे, तिला हलवू देऊ नका कुणाला!"

कारण आबांना आपली माणसं माहीत आहेत. कुणी पडलं की आपल्याकडे लोक धावतात, ही फार चांगली गोष्ट. पण धावतात ते उचलायला, बसवायला आणि पाणी पाजायला. कणा दुखावला असेल तर तेवढ्यानेच आतली दोरी चेपू शकते. दोन जीप थांबल्या. आठ माणसं उतरली.

"उठवा, उठवा तिला! बसवा!"

"पाणी आणा रे!"

"कांदा आहे का कुणाकडे? कांदा हुंगवा!"

"कृपया त्यांना हात लावू नका," आपटे म्हणाले. कुणी ऐकलं नाही. एका मामांनी ताईच्या काखेत हात घालायला सुरुवातसुद्धा केली.

तेव्हा आपट्यांनी असं काही केलं जे आबांनी त्यांना कधीच शिकवलं नव्हतं. ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन धाडकन पडले आणि गळा काढून ओरडले, "आई गं! मेलो! मला उठवा!"

आठही माणसं तिकडे धावली. त्यांनी आपट्यांना उचललं, बसवलं, पाठ चोळली, बाटलीभर पाणी पाजलं आणि कांदा हुंगवला. मध्येच कुणीतरी म्हणालं, "पोरगा अगदी थंड पडलाय हो!" आपटे कण्हत राहिले. पाणी मानेत गेल्यामुळे अधूनमधून ठिणगी उडायची. ताई मात्र शांतपणे जिथे होती तिथेच पडून राहिली.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या लोकांनी ताईची मान धरून ठेवली, लाकडाचा ओंडका वळवावा तसं तिला न वाकवता एका फळीवर घेतलं आणि खाली आणलं. एका जीपवाल्याने पेटी घाटमाथ्यावर नेली.

रुग्णालयाच्या बाकावर आम्ही चौघं एका रांगेत बसलो होतो. बाबा पहिल्यांदाच बातम्या ऐकत नव्हते. आईच्या मांडीवर कवच होतं आणि त्यावर किलोमीटरच्या दगडाच्या रंगाने उलटा '२६' उमटला होता. तो जिथे उमटला होता, तिथेच ताईचा बारावा मणका होता. मी मोजून पाहिलं. मग मोजल्याचं वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"खांद्याचं हाड मोडलंय, हात गळ्यातल्या झोळीत ठेवावा लागेल. पाठीवर बशीएवढा निळा डाग आहे." "कणा अगदी व्यवस्थित आहे. या, बघा."

आत ताई पडली होती. आबा तिच्या पायाशी उभे राहिले. "बोटं हलव."

ताईने दहाही बोटं हलवली. मग एकेक करून हलवली. मग म्हणाली, "नेलपॉलिश लावायला हवं होतं. एवढी सगळी बघायला येणार हे माहीत नव्हतं."

आई हसली, रडली, परत हसली. आबांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला. या वेळी ते चिडलेले नव्हते.

"बाटल्या?" ताईने विचारलं.

"बाराच्या बारा," मी म्हटलं. "केंद्रातून फोन आला होता. दुपारी एका आजींना त्यातलं औषध दिलं. बऱ्या आहेत. पिठाच्या पिशव्यांचं काय करायचं, असं विचारत होते."

त्यानंतर आबांनी आणखी दोन भट्ट्या लावल्या, कारण ताईसारखंच दुसऱ्या घाटांत औषध नेणाऱ्या नऊ जणांना कवचं हवी होती. एकदा मोठा मार खाल्लेलं कवच पुन्हा वापरायचं नसतं, म्हणून उलटा '२६' असलेलं आईकडे आलं. ती आता त्याच्यावर कुकर ठेवत नाही. मांजरालाही बसू देत नाही.

आपट्यांची मान सुकायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"कावेरीताई, एक विनंती. मलाही एक कवच मिळेल का?"

"पण आपटे, तुमचं तर कामच पडणं आहे!"

"ते मला माहीत आहे," आपटे म्हणाले. "तरीही."

आबांना विचारलं तर ते म्हणाले, मोजणी बिघडेल. मग म्हणाले, रविवारी कुठे मोजणी असते? म्हणून मी आपट्यांना रविवारचं एक कवच शिवून दिलं, दुधाच्या पिशव्यांचं आणि गोधडीचं. ते घालून आपटे स्वतःहून शेडच्या पायरीवरून पडले.

वहीत सहाशे बारा आणि सहाशे तेरा हे दोन्ही अभिप्राय एकाच पानावर आहेत.

'६१२. घाटातलं वळण, नंतर पुन्हा स्वेच्छेने. पाणी व कांदा मिळाला. लोक प्रेमळ, पण त्यांना शिकवायला हवं. शाल्मलीताईंची दहा बोटं हलली. पाच तारे.'

'६१३. शेडची पायरी. काहीच झालं नाही. फार छान वाटलं.'