शिळं पाणी

नळाला पाणी यायच्या दिवशी गारखेड्यातल्या त्या गल्लीत आधी ऐकू यायचा तो पाणी ओतण्याचा आवाज. भरण्याचा आवाज नंतरचा. नवं पाणी येणार म्हणून बायका मागच्या खेपेचं उरलेलं पाणी दारापुढच्या गटारात ओतून द्यायच्या. शिळं झालं, म्हणायच्या. हंडे, कळश्या, पिंपं, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, सगळं पालथं व्हायचं आणि घासूनपुसून पुन्हा नळाखाली लागायचं. ज्या पाण्यासाठी आठवडाभर डोळे लावून बसायचं, तेच असं हसतखेळत गटारात जायचं.

त्या आवाजासरशी मनकर्णाबाई घरातून बाहेर यायच्या. पदर खोचलेला, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.

"ओतू नका गं बायांनो, इकडं द्या."

"मास्तरीणबाई, शिळं हाय ते," समोरच्या ओट्यावरून आशाबाई म्हणायच्या.

"पाणी शिळं होत नसतंय, आशा. माणूस होतंय."

"मग मला बी टाका तुमच्या हौदात."

"तू मावशील व्हय त्यात?"

गल्ली हसायची, आणि हसता हसता बादल्या मनकर्णाबाईंच्या अंगणातल्या हौदात रिकाम्या व्हायच्या. हौद जमिनीखालचा, वर लोखंडी झाकण. शेंद्र्याकडं आता जिथं कारखान्यांची कुंपणं आहेत, तिथल्या एका आटलेल्या विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं घागर भरलेली पोर, म्हणजे मनकर्णाबाईच, पुढं मास्तरीण झाली, शहरात आली, घर बांधलं. पण घराआधी हौद खणून घेतला. नळाचा वार चुकला, की शिळं पाणी ओतून देणाऱ्या त्याच बायका कळश्या घेऊन तिच्या दारात यायच्या. मनकर्णाबाई कुणाला काही बोलायच्या नाहीत. मागितलेल्या पाण्याला नाही म्हणायचं नाही, एवढं त्यांनी मुलीला शिकवलं होतं.

ही मुलगी म्हणजे मोनिका. पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. चैत्रातल्या एका सकाळी मेथी निवडता निवडता आई बसल्या जागी गेली, असा फोन आला तेव्हा ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. हातातल्या पुस्तकावर तिनं शिक्का मारला, ते जागेवर ठेवलं आणि मग निघाली.

दहावा-तेरावा व्हायच्या आधी, पहिल्याच दिवशी, गल्लीतल्या बायकांनी घरातलं भरलेलं पाणी ओतून दिलं. मयत झालेल्या घरात साठवणीचं पाणी ठेवत नाहीत. माठ, पिंप, देवघरातला गडू, सगळं पालथं झालं. मोनिका भिंतीला टेकून पाहत राहिली. मग आशाबाई अंगणात गेल्या.

"हौद बी उपसावा लागंल, मोना."

"हौद नाही."

"रीत असती बाई. मयताच्या घरचं पाणी कुणी पीत नाय."

"मी पिईन."

"शिकल्या-सवरलेल्यांचं लई अवघड असतंय," आशाबाई मोटारीच्या बटणाकडं वळत म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या अजराचाची पुढं झाल्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. त्या सरळ हौदाच्या लोखंडी झाकणावर जाऊन बसल्या आणि दुपट्टा सावरून म्हणाल्या, "मी तर बसले. आता आधी मला उठवा, मग हौद उपसा."

रडणाऱ्या बायकांतसुद्धा कुणीतरी हसलं. हौद राहिला.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. मोनिकाचा नवरा राजकुमार पुण्याला परतला. घर आवरून येते, असं सांगून मोनिका मागं राहिली. आवरायचं तसं काही नव्हतंच. आईनं आयुष्यभर आवरूनच ठेवलेलं होतं.

त्याच सुमारास कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटली आणि नळ कोरडे पडले. टँकर येई तो चौकापर्यंतच, आणि त्याच्या पाण्याला गंजाचा वास. गल्लीत भांडणं सुरू झाली. तरी मनकर्णाबाईंच्या दारात कळशी घेऊन कुणी आलं नाही. रीत होती. मोनिका एकटीच दोरीला बादली बांधून हौदातून पाणी काढायची. मोटार लावावी इतकं तिला लागत नव्हतं. उकळून, गाळून ती तेच प्यायची.

एके सकाळी पहिला घोट घेतला आणि ती थांबली. पाण्याला वाळ्याचा वास होता.

मंद, ओल्या मुळांचा, थंड. तिनं तांब्या हुंगला, गाळणं हुंगलं, मग बादलीवर वाकली. वास बादलीत होता. एकदम तिला अजराचाचींचं जुनं घर दिसलं, त्यांच्या सासूबाई, बडी अम्मा, दिसल्या, आणि खिडकीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. शाळेतून येताना मोनिका आधी तिथं थांबून पाणी प्यायची आणि मग घरी जायची. त्या माठाच्या तळाशी वाळ्याची जुडी असायची.

तिनं फार विचार केला नाही. दुःखात माणसाला वास येतात, हे तिनं वाचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या बादलीला वाळा नव्हता. जिभेच्या कडा आखडल्या. तुरटी. गल्लीच्या टोकाला राहणारे धोंडिबा ड्रायव्हर पिंपात तुरटी फिरवायचे आणि पोरांना बोलावून दाखवायचे, बघा, गाळ कसा खाली बसतो शहाण्यासारखा. त्यांच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत होती. त्या पुढची बादली शेवग्याच्या बियांची, किंचित कडसर. त्या पुढचीला कापूर. प्रत्येक बादलीसरशी एकेक घर समोर उभं राहायचं, त्याचा उंबरठा, त्याच्या पडद्याचा रंग, आतून येणारी हाक. मोनिका हौदाच्या काठावर बसून ओंजळीनं पाणी प्यायची आणि तिला गल्लीत लगोरी खेळणारी पोरं ऐकू यायची. आई गेल्यापासून पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं.

पण ग्रंथपालाची बुद्धी स्वस्थ बसेना. हौद एकच. त्यात सगळ्यांचं पाणी एकत्र ओतलेलं. एकत्र झालेलं पाणी पुन्हा वेगळं होत नाही; हे पुस्तकात शोधायची गरज नव्हती.

पुन्हा वाळ्याची बादली आली त्या दिवशी तिनं तांब्या भरून अजराचाचींच्या हातात दिला.

"चाची, तुम्ही अजून माठात वाळा टाकता?"

"कुठलं गं. बडी अम्मा गेल्या, तेव्हापासून माठच नाही. आता फिल्टर आहे, माझ्या पोरानं, इम्राननं लावलाय." बोलता बोलता त्यांनी घोट घेतला. हळूच दुपट्टा डोक्यावर ओढला.

"ये पानी किसने दिया तुला?"

"हौदातलं आहे."

अजराचाचींनी तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. "मला नको, बेटा," एवढंच म्हणाल्या. तांब्यात अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं.

तेव्हा मोनिकाच्या ध्यानात आलं. वाळा, तुरटी, शेवगा, कापूर. आशाबाईंच्या घरचं पाणी एकदाही वर आलं नव्हतं. अजराचाचींच्या फिल्टरचंही नाही. ज्यांचं येत होतं, त्यातलं कुणीही आता हयात नव्हतं.

ती घाबरली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट आली आणि तिथंच ठाण मांडून बसली: म्हणजे आईचंही येईल.

आईच्या पाण्याला कशाचा वास होता, हे आठवायला तिला वेळ लागला नाही. आई पाण्यात काही टाकायची नाही. जुन्या लुगड्याचं फडकं चौपदरी करून त्यातून गाळायची आणि फडकं गच्चीवर कडक उन्हात वाळवायची. आईच्या पाण्याला उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास होता. तो एक घोट मिळाला की पुण्याला जायचं, असं तिनं ठरवलं.

मग ती पाणी काढत सुटली. आधी जेवढ्यास तेवढं, मग जास्त. धुतलेले पडदे पुन्हा धुतले. स्वच्छ फरशी पुसली. अंगणातल्या कढीपत्त्याच्या आळ्यात पाणी तुंबलं, तरी वर आणखी ओतलं. प्रत्येक बादलीवर वाकायचं, वास घ्यायचा, आणि आईचा नसला की ती रिती करून दोरी पुन्हा सोडायची. राजकुमारचा फोन आला.

"किती दिवस गं अजून?"

"थोडं राहिलंय," ती म्हणाली.

हौदातली पातळी खाली जात होती. दोरी आखूड पडायला लागली, तिला दुसरी दोरी जोडली. नळ कोरडेच होते.

त्या दुपारी अजराचाची फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. त्यांच्या हातात पितळेची घागर होती. त्यांची सून युसरा बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली होती. मुलगी झाली होती.

"मोना बेटा, आज छटी आहे, पोरीचा सहावा दिवस. जच्चा-बच्चाला, मायलेकींना, न्हाऊ घालायचंय. टँकरच्या पाण्यानं पोरीच्या अंगावर पुरळ उठलंय. एक घागर देशील?"

मोनिकानं मान डोलावली. हौदाचं झाकण उघडं होतं. तिनं बादली सोडली. बराच वेळ दोरी खाली जात राहिली. तळाशी पत्रा खरवडल्याचा आवाज झाला. बादली तिरकी करून, हलवून हलवून तिनं भरून घेतली आणि ओढली.

बादली काठाशी यायच्या आधीच वास आला.

ऊन. सुती कापड. गच्चीवरची तार.

तिनं थेंबही सांडू दिला नाही.

"भारी आहे का? मी येऊ?" फाटकातून अजराचाची म्हणाल्या.

"थांबा. ही नको. दुसरी काढते."

तिनं बादली आडोशाला ठेवली. आतली कळशी आणली, दोरीला बांधली, सोडली. कळशी तळावर आपटून लवंडली. वर आली तेव्हा तिच्यात बोटभर गाळ होता. तिनं पुन्हा सोडली. पुन्हा गाळ.

हौदात वाकून पाहिलं. तळ दिसत होता.

अजराचाची घागर कडेवर घेऊन उन्हात उभ्या होत्या. त्यांच्या घरातून बाळाचं बारीक, दमलेलं रडणं येत होतं.

मागितलेल्या पाण्याला नाही म्हणायचं नाही.

मोनिकानं बादली उचलली. फाटकापर्यंत नेली. घागरीच्या तोंडावर फडकं धरायला हवं होतं, ते धरलं. सगळं पाणी ओतलं. बोटं ओली झाली, ती तिनं तोंडाजवळ नेली. वास घागरीबरोबर गेला होता.

"अल्ला तुला सुखी ठेवो," अजराचाची म्हणाल्या.

बाळाचं रडणं थोड्या वेळानं थांबलं.

जलवाहिनी दुरुस्त होऊन नळाला पाणी आलं, तेव्हा गल्लीत सणासारखी गडबड उडाली. मोनिकानं हौद घासून घेतला होता आणि बॅगही भरून ठेवली होती. जायच्या आधी बाळाला पाहून यावं, म्हणून ती अजराचाचींकडं गेली. मागच्या शहाबादी फरशीच्या अंगणात पाण्याची पिंपं भरून ठेवलेली. आशाबाई आधीच येऊन ओसरीवर बसल्या होत्या. युसराच्या मांडीवर मुलगी जागी होती. काळ्याभोर डोळ्यांची, गप्प.

"लई गुणाची हाय," आशाबाई म्हणाल्या, "नुसती टकामका बघती."

"गुणाची?" युसरा हसली. "अचानक असा गळा काढते ना आंटी, की विचारू नका. दूध नको, काही नको."

तेवढ्यात मुलीनं तोंड उघडलं आणि ती किंचाळली. इवल्याशा जिवाच्या मानानं तो आवाज मोठा होता, आणि त्यात रडण्यापेक्षा राग जास्त होता. युसरा तिला थोपटत उठली. बाहेर इम्रान नळीनं मोटारसायकल धूत होता. अजराचाची दारातून त्याला ओरडल्या, "बस कर रे, मोनाच्या हौदात लाव नळी!" इम्राननं नळी वळवली. मुलगी गप्प झाली.

"बघा," युसरा म्हणाली. "अशीच. आपोआप."

"पोटात वात धरत असंल," आशाबाई म्हणाल्या. "ओवा चावून फुंकर घाल."

थोड्या वेळानं गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. पाण्याची धार मागच्या भिंतीवरून उतरायच्या आधीच मुलगी पुन्हा किंचाळली. अजराचाचींचे यजमान फारूखचाचा, त्यांनी कॉक फिरवला. शांत.

मोनिका सगळं ऐकत होती. लहान मुलं आवाजाला दचकतात, हे तिला ठाऊक होतं.

ती उठून मागच्या अंगणात गेली. दार लोटून घेतलं. आतून कुणाला ती दिसत नव्हती. पिंपात तांब्या बुडवून तिनं भरला, खाली वाकली आणि तांब्याचं तोंड जवळजवळ फरशीला टेकवून अगदी बारीक धार सोडली. उन्हानं तापलेल्या दगडावर पाणी मुकाट्यानं पसरत गेलं. कणभर आवाज झाला नाही.

भिंतीपलीकडं मुलगी किंचाळली.

मोनिकानं तांब्या सरळ केला. किंकाळी तुटल्यासारखी थांबली. युसरा पुटपुटत होती, "काय झालं गं, काय झालं माझ्या बाईला..."

फरशीवरचा ओला डाग कडेकडेनं वाळत होता. गल्लीत बायका नळावर एकमेकींना हाका मारत होत्या. मोनिका तशीच उकिडवी बसून राहिली, कान भिंतीकडं लावून. ओतू नका गं बायांनो, इकडं द्या. तिच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून न दिसलेलं हसू होतं.

मग तिनं तांब्या पुन्हा काठोकाठ भरून घेतला आणि फरशीवर वाकली.