तिसरी गिटार

पहिला अल्बम काढताना माणसाच्या गुडघ्यांतून आवाज येऊ नये, असा संकेत आहे. आमच्या येत होता.

हेल्मी, वेंडेल आणि मी, तिघंही अमेरिकेच्या उत्तरेतल्या डुलुथचे, मोठ्या सरोवराकाठच्या गावचे. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवलं, दुसऱ्यांच्या गाड्या बर्फातून ढकलल्या, आणि साठीला टेकल्यावर स्वतःचं काहीतरी काढायला बसलो. संगीत असं, की गिटारींवर गिटारी चढवत जायचं, धुक्याची भिंत उभी राहीपर्यंत. शब्द त्या भिंतीत कुठेतरी पुरायचे, आणि वाजवणाऱ्याने मान खाली घालून पायाशी ठेवलेल्या, गिटारीचा आवाज बदलणाऱ्या पेडलांकडे बघत राहायचं. याला शूगेझ म्हणतात, म्हणजे बूट न्याहाळणं. आमच्या वयात खाली बघत राहणं तब्येतीलाही बरं.

सरोवराच्या काठी माशांना धुरी देण्याची जुनी शेड होती, ती घेतली. भिंती काजळीने काळ्या. हीटर तापला की लाकडातून व्हाइटफिशचा वास उठायचा आणि गिटारीच्या तारांनाही लागायचा. बाहेर सरोवर गोठलेलं. दुपारच्या उन्हात बर्फ तडकायचा, तो कानांच्या आधी तळपायांना कळायचा.

घाई होती ती हेल्मीला. तिचा डावा कान गेलेला, उजवा जायच्या वाटेवर. डॉक्टरांनी मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगितलं होतं.

"लांबच आहे की," ती म्हणायची. "ॲम्प चार पावलांवर ठेवलाय."

ऐकू येतंय तोवर एक तरी काम स्वतःचं म्हणून पुरं करायचं, एवढंच तिचं मागणं.

आता आमच्या मिनेसोटात एक रीत आहे. स्वतःचं कौतुक करायचं नाही, आणि दुसऱ्याचं करायचंच झालं तर 'वाईट नाही' याच्या पुढे जायचं नाही. त्यामुळे पहिल्याच गाण्यात, दोघांच्या गिटारींच्या मधून तिसरी एक ओलसर, किंचित मागे रेंगाळणारी गिटार ऐकू आली, तेव्हा कोणी काही बोललं नाही. हेल्मीला वाटलं वेंडेलची. वेंडेलला वाटलं हेल्मीची. मी ड्रम वाजवतो आणि रेकॉर्डिंग बघतो. मला वाटलं, या दोघांपैकी कुणाला तरी अखेर वाजवता यायला लागलं. पण हे तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं.

असे आम्ही शेवटच्या गाण्यापर्यंत आलो. दुपारी जेवताना वेंडेलने विषय काढला.

"हेल्मी, कार्यक्रमात ती मधली गिटार कशी वाजवणारेस? दोन हातांत मावायची नाही."

"कुठली? तुझी?"

"माझी कसली? तसं येत असतं तर जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले असते का मी?"

"पुरे झाला विनय, वेंडेल."

"विनय नाही गं. खरंच माझी नाही ती."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमवाला, माझ्यावर असला संशय आजवर कुणी घेतला नव्हता.

प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड केलेलं होतं, म्हणजे एकेक बंद करता येत होतं. हेल्मीची गिटार बंद केली. तिसरी चालूच. वेंडेलची बंद केली. तरी चालू. राहिले माझे ड्रम, आणि त्यांच्या अंगाला अंग घासत ती. मग ड्रमही बंद केले, तेव्हा शेडमध्ये हीटरची घरघर तेवढी उरली.

"सोबत लागते तिला," वेंडेल म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते आवडलं नाही.

हेल्मी डोळे मिटून बसली होती. "थांबलात का? वाजतेय की अजून."

आम्ही दोघं हीटर ऐकत राहिलो.

"सगळं पुसून टाकू," वेंडेल मोठ्याने म्हणाला. "दुसरी जागा बघू. पुन्हा वाजवू."

"पुन्हा? कुठल्या कानाने?" तिने डोळे उघडले. "तुम्ही दोघं मला गोधडीआडून बोलल्यासारखे ऐकू येता. ही तेवढी स्वच्छ येते. शेवटचं गाणं होऊ दे. मग काय पुसायचं ते पुसा."

आमच्याकडे नाही म्हणायला निदान तीन कप कॉफी लागते. दुसरा कप संपेतो तिने स्टूल ओढून गिटार मांडीवर घेतली होती.

आम्ही सुरू केलं.

हेल्मी एक ओळ वाजवायची आणि थांबायची. समोरच्याला जागा देताना वादक थांबतो, तशी. मग मान डोलवून पुढची ओळ.

जागा लांबत चालल्या. तिच्या ओळी आखूड होत गेल्या.

मी काठ्या खाली ठेवल्या. वेंडेलने तारांवर तळवा दाबला. सोबतीला आता हेल्मी एकटीच उरली.

"हेल्मी, बस झालं," मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो. तिची पापणीही हलली नाही.

मी रेकॉर्डिंगच्या मिक्सरकडे पाहिलं. प्रत्येक वाद्याला एक काटा असतो; आवाज झाला की तो उसळतो. माझा आडवा पडलेला. वेंडेलचा आडवा.

हेल्मीचा उसळत होता.

तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. शेडमध्ये काहीही वाजत नव्हतं.

वेंडेलने वाकून तिच्या गिटारीची वायर काढली. काटा हलत राहिला.

हेल्मीने मान कलती केली, आतल्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर करतो तशी.

"हो, हो," ती म्हणाली. "आलेच."