वजाबाकीतली माणसं

ठाण्याच्या मागच्या खोलीत उपनिरीक्षक प्राची घोलप हिनं मृताचा शर्ट घ्राणकाच्या काचपेटीत ठेवला आणि झाकण लावलं. पूर्वी या खोलीत कॅरम चालायचा. यंत्र आल्यापासून बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा होता. माणसामाणसाच्या कातडीचा वास निराळा, बोटाच्या ठशासारखा, आणि कापडावर तो बरेच दिवस टिकतो. घ्राणक हा गंधठसा हुंगून माणूस ओळखत असे, त्यामुळे हल्ली गुन्हेगार शोधायला कुणी फारसे जोडे झिजवत नसे.

शर्ट दिगंबर पारसेचा होता. तांब्याच्या तारा चोरल्याचा त्याच्यावर संशय होता. निरीक्षक मगदूम यांच्या सांगण्याप्रमाणे, पकडायला गेल्यावर तो पळाला आणि अर्धवट बांधलेल्या पुलावरून खाली पडला. त्याला ठाण्यात म्हणे आणलंच नव्हतं. प्राची त्या दिवशी धरणावर मंत्र्यांच्या बंदोबस्ताला होती. पण परतल्यावर जो तो न विचारता तीच हकीकत त्याच शब्दांत सांगू लागला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

बाहेरच्या बाकावर पारसेची बायको लता सकाळपासून बसून होती. यंत्र काय म्हणतंय ते कळल्याशिवाय मयत ताब्यात घेणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हवालदार सलगर चहाचे कप घेऊन आत आले. "झालं का मॅडम? कुणी न्हाई म्हणतंय न्हवं? मग द्या की अंगठा, जाऊ दे नोंद कोर्टात."

यंत्र अजून गुरगुरतच होतं. पडदा कोरा होता.

"कुणी नाही म्हणणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

सलगरांनी तिचा कप टेबलावर ठेवला आणि दुसरा तसाच हातात घेऊन निघून गेले.

थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं उमटली. अन्य व्यक्ती नाही. रक्त, चामडं, हळद, कापूर. प्राचीनं शर्टाची आकृती मोठी करून पाहिली. हळद पाठभर सांडलेली नव्हती, आडव्या रुंद पट्ट्यांत बसली होती. पुलावरून पडणाऱ्याच्या पाठीवर हळदीचे पट्टे कसे उठतील?

आणि ‘अन्य व्यक्ती नाही’ कशी? प्रेत तर सलगरांनी उचललं होतं! मग तिच्या ध्यानात आलं. पोलीस घटनास्थळी सगळीकडे हात लावतात, म्हणून ठाण्यातल्या सगळ्यांचे गंधठसे यंत्राला आधीच दिलेले असत, आणि ते वजा करूनच यंत्र उत्तर देई. सोयीची गोष्ट होती. किती सोयीची, हे तिला आज कळलं.

तिनं दार लोटलं. वजाबाकी बंद केली आणि यंत्राला फक्त हळदीचे पट्टे हुंगायला सांगितलं. नावं वर आली. मगदूम, सलगर. पण त्यांच्याही वर, सगळ्यांत ठळक, प्राची घोलप.

आपण बंदोबस्ताला असताना कुणी यंत्राशी खेळ केला? मगदूमांनी? की सलगरांनी? जन्मात पाहिलं नाही त्या माणसाच्या पाठीवर आपला वास आला कुठून?

तिची नजर आपल्या हाताकडे गेली. नखांच्या कडेला अजून पिवळी झाक होती. खंडेनवमीची.

बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ठाण्यातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. रायफली, काठ्या, बेड्या आणि कपाटामागून काढलेला एक रुंद चामडी पट्टा. हा पट्टा सरकारी कागदावर कुठेच नव्हता. ठाण्यात त्याला ‘गुरुजी’ म्हणत. "गुरुजींना इसरू नका, रागावतील," असं सलगर म्हणाले आणि सगळे हसले. तीही हसली होती. ठाण्यात ती एकटीच बाई, म्हणून हळदीची वाटी तिच्याकडे. तिनं हळद तेलात कालवून गुरुजींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं ओढली होती, वर कापूरही ओवाळला होता.

"वजाबाकी काढलीस?" मगदूम दारात उभे होते. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"सर, मी त्या दिवशी इथं नव्हते."

"मला माहीत आहे. यंत्राला माहीत आहे का?" ते जवळ आले. "ते वास कुणाचा तेवढं सांगतं. हात कुणाचा उठला, ते आम्ही सांगायचं. तू बंदोबस्तावरून मधेच परत आलीस, असं म्हणणारे चौघे मिळतील."

"गुरुजी कुठं आहेत?"

"जाळले." मगदूमांनी पडद्यावरच्या नावांवर नजर टाकली. "तो मरावा असं कुणाच्याच मनात नव्हतं गं. वजाबाकी लाव परत. कुणाचंच नाव येणार नाही. तुझंही."

प्राचीला त्यांचा संताप आला, आणि आपला त्याहून जास्त. अंगठा टेकवला की पडद्यावर असेल ती नोंद थेट न्यायालयात जाणार होती आणि मग ती कुणालाच मागे घेता येणार नव्हती.

दार ढकलून लता आत आली. "मॅडम, काय म्हणालं यंत्र?"

"कुणी नाही, ताई," मगदूम म्हणाले.

लतानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर प्राचीवर होती. प्राचीनं काचेवर अंगठा दाबून धरला. यंत्र बारीकसं वाजलं. मगदूम खुर्ची ओढून बसले.

"तिघांची नावं आलीत," प्राची म्हणाली. "पहिलं माझं."

"तुम्ही मारलं त्यास्नी?"

"नाही. मी इथं नव्हते. पण ज्या पट्ट्यानं मारलं, त्याला पूजेची हळद मी लावली होती."

लतानं तिच्या पिवळ्या नखांकडे पाहिलं.

"कशापायी ठिवला हुता त्यो पट्टा," तिनं हळूच विचारलं, "ठावं हुतं तुमास्नी?"