निळ्या रंगाचा दुसरा डबा

घड्याळवाला त्या दुकानात रंग घ्यायला आलाच नव्हता. तो आला होता भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे तिथे रंग जुळवणाऱ्या मुलीच्या काकांनी, त्याला बोलावलं आणि स्वतः जेवायला निघून गेले. तो स्टुलावर उभा, तोंडात दोन स्क्रू. खाली टेबलाशी ती, निळ्या रंगाच्या डब्यात थेंब थेंब काळा सोडत होती.

"निळ्यात काळा कशाला?" त्याने स्क्रू तोंडात ठेवूनच विचारलं.

"स्क्रू गिळाल," ती वर न बघता म्हणाली.

अकरा वर्षं ती त्या टेबलावर गाड्यांचे रंग जुळवत होती. ठोकून सरळ केलेलं मडगार्ड असो की बदललेलं दार, नवा रंग जुन्याशेजारी ओळखू येता कामा नये, एवढंच तिचं काम. सगळे तिला रंगवाली म्हणत, समोर आणि पाठीमागेही. कामात कुणी मध्येच बोललं की राग नाकावर तयार असायचा, पण त्या दिवशी का कोण जाणे, तो आला नाही.

"माझी एक गाडी आहे," घड्याळवाला खाली उतरत म्हणाला. "वडिलांची. चाळीस वर्षांची. घरीच खोलून बसलोय. पत्रा झाला, इंजिन होत आलंय, पण रंग... चार दुकानं फिरलो. शेवटचा म्हणाला, हा रंग आता कुणाला जमायचा नाही."

"कुणाला म्हणजे? मला दाखवलात?"

झालं! दुसऱ्या दिवशी तो हजर. पेट्रोलच्या टाकीचं छोटं झाकण त्याने टॉवेलात असं गुंडाळून आणलं होतं, जसं अंघोळ घातलेलं बाळ. तिने ते घेतलं, वरून पाहिलं, नाक मुरडलं आणि उलटं केलं.

"वरचा रंग विसरा. तो उन्हाने खाल्लेला आहे. ही आतली बाजू बघा, इथे ऊन पोचलेलंच नाही. तुमच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हा ती अशी होती."

त्याने त्या बोटभर निळ्यावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "मी चार वर्षं त्या गाडीत हात घालून बसलोय... आणि हे उलटं करून बघितलं नाही."

"घड्याळं उलटी करून बघता ना? मग?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जास्त बारीक व्हायचा, भिंग लावायच्या सवयीने. हे आपण कशाला बघतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिने उगाचच डबा ढवळायला घेतला.

चार दिवसांनी रंग तयार झाला. त्याने खिशातून भिंग काढून तो तपासला, तेव्हा तिला हसावं की डबा डोक्यात घालावा ते कळेना. आठवड्याने तो परत आला.

"जरा... गडद वाटतोय."

वाटतोय! तिला माहीत होतं रंग तंतोतंत आहे. पण गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याच्यावर तिचा जुना उपाय होता. तिने त्याला चहा दिला, आत जाऊन स्वतः निवांत घेतला, पहिल्याच मिश्रणातला उरलेला रंग दुसऱ्या डब्यात ओतला आणि झाकण ठोकून बसवून बाहेर आणला. "घ्या. उजळ केलाय." दहातली नऊ गिऱ्हाइकं एवढ्यावर खूश होऊन जात.

हा दहावा निघाला. आठ दिवसांनी पुन्हा दारात, मान जरा तिरकी.

"आता थोडा फिका वाटतोय."

तिला चहा विचारायचंही सुचलं नाही. काका गल्ल्यावरच बसले होते. तो गेल्यावर त्यांनी नुसती दोन बोटं दाखवली.

ही दोन बोटं साधी नव्हती. गेले दोन महिने एक विक्रेता काकांच्या मागे लागला होता. त्याच्याकडे एक यंत्र होतं. पत्र्याला टेकवायचं, की रंगाचं प्रमाण आकड्यात दिसतं. काकांचं मन डळमळत होतं. शेवटी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "एकच गिऱ्हाईक एकाच रंगासाठी तिसऱ्यांदा परत आलं, तर मी समजेन तुझी नजर गेली. टेबल यंत्राचं. तू बिलं करायची." ते टेबल गेलं असतं तर तिच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काय होतं? बिलं काय, कुणीही करतं.

पण एकच रंग आधी गडद आणि मग फिका कसा दिसेल? रविवारी ती पत्ता शोधत त्याच्या घरी गेली.

दार त्याच्या आईने उघडलं. तिच्या बोटांवरचे रंगाचे डाग बघून बाईंचा चेहरा खुलला. "रंगवाली ना? ये ये. बस म्हटलं असतं, पण या घरात बसायला जागा कुठाय? दिवाणावर गाडीची मागची सीट, जेवायच्या टेबलावर दिवे! चार वर्षं मी कपडे वाळत घालते ते बॉनेटवर."

घराला लागून पत्र्याची शेड होती. भिंतीला तीन दारं टेकलेली, पुट्टी घासून गुळगुळीत केलेली. टेबलावर कार्बोरेटर सुटा करून मांडलेला, प्रत्येक तुकड्याखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी. गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर आले होते.

चौथं दार गाडीलाच होतं. वरचा भाग इतकी वर्षं रबरी पट्टीखाली झाकलेला, म्हणून ऊन न लागलेला, वडिलांच्या वेळचा. खालचा नवा रंगवलेला. तिने दार उजेडात ओढलं, बोट फिरवलं, वाकून तिरपं पाहिलं. जोड सापडेना! तिचा जीव भांड्यात पडला. नजर शाबूत होती.

मग तिला फळीवरचा दुसरा डबा दिसला. झाकण तिने ठोकलं होतं तसंच, न उघडलेलं. त्यावर चिठ्ठी: 'दुसरा डबा. तिने दिला. मंगळवार.'

"न उघडताच फिका वाटला का हो?" ती मोठ्याने म्हणाली.

गाडीखालचे पाय हलायचे थांबले.

"बाहेर या."

तो सरपटत बाहेर आला. कपाळावर ग्रीस, कान लाल. "रंग पहिल्याच दिवशी जुळला होता," तो म्हणाला. "मग परत यायला काही कारणच उरलं नाही ना..."

"घड्याळ होतं की!"

"ते मी फार नीट दुरुस्त केलं. तिथेच चुकलं."

तिला हसू येता येता राहिलं, कारण त्याच क्षणी काकांची दोन बोटं डोळ्यांपुढे आली. "तुला काही कल्पना आहे का तू काय केलंस?" ती एकेरीवर आली आणि तिला ते कळलंही नाही. यंत्र, टेबल, अकरा वर्षं, सगळं तिने एका दमात सांगितलं. "तुझा खेळ झाला, आणि माझं टेबल जाणार होतं!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी आत्ता येतो, काकांना सांगतो..."

"येऊ नकोस! तिसऱ्यांदा आलास तर संपलंच सगळं." ती तडक निघाली. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "घातलंस ना सगळ्यावर पाणी?"

आता गंमत अशी, की वर्षभर टेबलावर पडलेला कार्बोरेटर त्याने तीन दिवसांत जोडला. भीती माणसाला किती कामाला लावते बघा.

गुरुवारी विक्रेता यंत्र आणि कागद घेऊन दुकानात बसला होता. तिसऱ्या खेपेची वाट न बघताच काकांनी पेन उघडलं होतं. ती टेबल पुसत होती, शेवटचं म्हणूनच. तेवढ्यात बाहेर खोकल्यासारखा आवाज झाला, मग ठसका, मग शांतता. दारात एक गाडी येऊन उभी राहिली. बॉनेट नाही, तीन दारं नाहीत, एकच सीट. आणि त्या सीटवर घड्याळवाला, इस्त्रीचा शर्ट घालून.

काकांनी तिसरं बोट वर केलं.

"तक्रार आहे," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध. रंग पहिल्यांदाच बरोबर होता. मी दोन्ही वेळा खोटं बोललो. मला यांना बघायचं होतं, म्हणून. काका, मला शिक्षा करा, यांना नको."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती रंग विसरून ऐकू लागली. रंगवालीला जमीन दुभंगावी असं वाटलं... आणि दुभंगू नये असंही.

काका बाहेर गेले. चष्मा पुसून दार बघत राहिले, मग विक्रेत्याला म्हणाले, "यात जुना रंग कुठे संपतो?"

विक्रेत्याने मुठीजवळ बोट ठेवलं. घड्याळवाल्याने नाही म्हणून मान हलवली आणि वीतभर वर, जिथे रबरी पट्टीची कड असायची तिथे दाखवलं.

"यंत्राला विचारा," काका म्हणाले.

विक्रेत्याने यंत्र वर टेकवलं, खाली टेकवलं. दोन्हीकडे आकडे तेच. "बघा! केवढं अचूक यंत्र!" तो आनंदाने म्हणाला.

"आहे खरं. तिच्याइतकंच," काका म्हणाले. "मग एक असताना दुसरं कशाला?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. आत जाता जाता घड्याळवाल्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी तिला बघायचं असेल तर मला सरळ विचारायचं. मी नाहीच म्हणेन, पण विचारायचं."

दोघंच उरली. तो गाडीशी उभा, ती पायरीवर.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "स्टुलावर होतो तेव्हापासून. गडद नाही, फिकं नाही, हे खरं सांगतोय."

ती आत गेली. त्याचा चेहरा उतरला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात टेबलाजवळचं तिचं स्टूल होतं. ते तिने गाडीत, जिथे दुसरी सीट असायला हवी तिथे ठेवलं आणि वर बसली.

"राग गेला नाहीये माझा," ती म्हणाली. "किती काम राहिलंय हिचं?"

"माझ्या हाताने? वर्ष तरी."

"आणि मी रविवारी येत गेले तर?"

तो जरा विचार करून म्हणाला, "मग... दोन वर्षं."

ती हसली, अगदी मोठ्याने. काकांनी आतून डोकावून पाहिलं आणि परत मान आत घेतली.

"चल," ती म्हणाली. "सुरू कर."

त्याने चावी फिरवली. गाडी ठसकली आणि बंद पडली. त्याने पुन्हा फिरवली, मग पुन्हा. चौथ्यांदा फिरवण्याआधी त्याने स्टुलाकडे पाहिलं, तर ती केव्हाच खाली उतरून मागे गेली होती आणि बाह्या सरसावून डिकीला दोन्ही हात लावून उभी होती.

"बघतोस काय? मी ढकलते. तू नीट धर."